कोलंबोत न उघडलेलं पाकीट

वसई, मंगळवार

प्रिय क्लेमेंटीन,

तुझं पाचूबंदर माझ्या फ्लॅटपासून रिक्षाने दहा मिनिटं, तरी सख्ख्या बहिणीला पत्र लिहितोय. तोंडावर सांगायची हिंमत होत नाही. परवा त्यासाठीच आलो होतो. तू आणि तुझ्या बचत गटातल्या बायका दोरीवर बोंबील चढवत होतात, जबड्यात जबडा अडकवून. मी चहा प्यायलो, इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या आणि परत आलो.

मार्चमध्ये कोलंबोला शेजारी देशांची व्यापार-बैठक होती. छोट्या उत्पादकांच्या कोणत्या मालावरची जकात एकमेकांनी कमी करायची, त्याची यादी ठरणार होती. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो म्हणून मला बोलावणं आलं, आणि तुम्हा सगळ्यांना वाटलं, आता आपली सुकी मासळी थेट लंकेत जाणार. नमुना म्हणून तू बोंबलांचं पाकीट तीनदा गुंडाळून दिलंस. ‘दादा, पानी लागू देऊ नको,’ एवढंच म्हणालीस.

हॉटेलात बॅग उघडली तर सूटला बोंबलांचा वास. मला लाज वाटली गं. आपल्या घराची, आईच्या हातांची, ज्या वासात वाढलो त्याची. पाकीट कपाटात कोंडलं आणि बैठकीत टेबलावर सुकेळी मांडली, वसईची वाळवलेली केळी, गोड आणि सभ्य. इतरांनी वेलदोडे, तागाच्या पिशव्या मांडल्या होत्या. मग मालदीवच्या गृहस्थांनी खुशाल सुका मासा काढला. वास हॉलभर पसरला, पण कुणी नाक मुरडलं नाही. लंकेच्या बाईंनी तर तुकडा मोडून तोंडात टाकला आणि मला विचारलं, तुमच्याकडे करतात का असं काही? मी म्हणालो, आमच्याकडे आता नुसत्या इमारती आहेत. त्यांनी ते कागदावर नोंदवलं आणि मी खाली सही केली. पेत्राने येशूला तीनदा नाकारलं होतं, मला एकदाच पुरलं. पाकीट निघताना मी तिथेच सोडलं.

घरी येऊन सांगितलं, लंकेवाले आडमुठे, काही ऐकेनात. तू त्यांना चार शिव्या हासडल्यास आणि मला कालवण वाढलंस. मी दोनदा मागून घेतलं. त्या जेवणाची शरम बाकी सगळ्याहून जास्त आहे.

येत्या रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर तुम्ही मला शाल देणार आहात, तुमच्यासाठी भांडलो म्हणून. ती देऊ नका. पण पत्र केवळ त्यासाठी नाही. यादी या महिनाअखेर बंद होते. मी दुरुस्ती मागितली, तर काल उत्तर आलं की प्रतिनिधीचा शब्द आता चालणार नाही, माल करणाऱ्यांनी स्वतः लिहून द्यावं. त्यांचा कागद सोबत जोडलाय. त्यावर माझ्या सहीने लिहिलेलं आहे, ‘वसईत सुकी मासळी होत नाही.’ त्याच्याखाली तू आणि तुझ्या चाळीस बायका सह्या करून लिहा, की होते.

तोंड दाखवायची लाज वाटणारा, तरी तुझाच,
आग्नेल