कुमुद की माधवी?

जबलपूर, १८ जुलै, सायंकाळ

कुमुद विनायक देशकर, आज तुला माहेरच्या नावाने हाक मारतो आहे, कारण महाविद्यालयाला तीच तू हवी आहेस.

आपल्या ईशाने बारावीत असतानाच पूर्ण केलेल्या महाविद्यालयीन विषयांचे क्रेडिट्स आता पदवीला जोडायचे आहेत. त्या विषयांसाठी तिची नोंदणी करताना आईच्या रकान्यात तू 'कुमुद' लिहिलेस. तिच्या बारावीच्या गुणपत्रिकेवर 'माधवी' आहे, तुझ्या मृत्यूच्या दाखल्यावरही.

कारकून म्हणाला, "भाई साहब, ये तो दो अलग महिलाएँ हैं. माताजी को ले आइए."

कुठून आणू? उद्या शेवटचा दिवस आहे.

लग्नात तांदळांत अंगठीने 'माधवी' मीच लिहिले. ते नाव तुला कधीच आपले वाटले नाही का?

ईशा म्हणाली, "बाबा, काहून स्वतःला त्रास देऊन राहिले? छोड़ो ना, मी परत शिकून घेईन." पण ते विषय ती तुझ्या आजारपणात, तुझ्या उशाशी बसून शिकली. ते कसे सोडू?

तुझे मॅट्रिकचे प्रमाणपत्र मिळेल, या आशेने कांचघर भागातली तुझी शिकवणीची भाड्याची खोली रिकामी केली. मिळाले नाही. मग घरमालकीणबाईंना विनविले, निदान साक्षीदार म्हणून सही करा, की माधवी म्हणजेच कुमुद.

"माधवी कौन, भैया? यहाँ तो कुमुद दीदी थीं."

सही मिळाली नाही. दाराला कुलूप लावले. किल्ल्या त्यांना परत केल्या.