शिंगाड्याच्या तळ्यावरची मादी

बाबा, तुमचा राग आला आहे, म्हणून लिहायला बसले.

काल किरनापूरला कापडाच्या दुकानात तुमचा एक जुना विद्यार्थी भेटला. पावसाळ्यात तुम्ही वर्गाला तळ्यावर कमळपक्षी दाखवायला न्यायचात, ते आठवून सांगत होता. "सर म्हनत, मादी म्हंजे तळ्याची ठाणेदारीन. अंडे नर उबवते, पन कावळा आला का मादीच धावून जाते. अंडे बुडाले त पुन्हा देते." तो हसत होता. मी हातातलं कापड तसंच ठेवून बाहेर आले.

मला तुम्ही अर्धंच सांगितलंत. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचा पावसाळा असेल. आई नर्स म्हणून तिरोडीला बदलून गेली होती आणि तुम्ही मला लामत्याच्या रस्त्यावरच्या तळ्यावर नेलं होतं. शिंगाड्याच्या वेलावर लांब शेपटीचा नर बसलेला. पान बुडायला लागतं तसा तो एकेक अंडं चोच आणि छातीच्या मध्ये धरून उलट्या पावली दुसऱ्या पानावर नेतो. मी श्वास रोखून बघते आहे, आणि तुम्ही कानाशी वाकून म्हणता, "मादी अंडे देऊन चालली गेली, पाहाय. पोरं कोन पोसते? बाप."

दिवाळीत आई मला न्यायला आली. तिथे खोली मिळाली होती, शाळाही बघून ठेवली होती. शिंगाडे उकडता उकडता तिने विचारलं, "येतं का माह्यासंग?" मी म्हटलं, "तू त तळ्यावरची मादी आहे. मले बाबाच पोसतेत." आईने तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही पेपरचं पान उलटलंत. "हौ. राहा मंग," एवढंच ती म्हणाली आणि शिंगाडे सोलून माझ्या ताटात टाकत राहिली. दुसऱ्या दिवशी गाडीत एकटीच बसली. त्यानंतर माझ्याच घरी ती पाहुणीसारखी येत राहिली.

तुम्हाला माहीत नसतं तर मी केव्हाच सोडून दिलं असतं. पण मादी राखण करते, अंडी बुडाली तर पुन्हा घालते, हे सगळं तुम्ही लोकांच्या पोरांना शिकवलंत. बायकोची नोकरी तुम्हाला सोसली नाही, तर तिच्याशी भांडायचं होतं. नऊ वर्षांच्या पोरीच्या तोंडून का बोललात?

आई आता माझ्याकडेच असते. हे तिला वाचून दाखवणार नाही. ती तुमचीच बाजू घेईल, आणि खरं सांगते बाबा, ती बोलायला लागली की माझा राग टिकायचा नाही.