आमी म्हंजे कोण

कळमनुरी
६ ऑक्टोबर २०२५

प्रिय मिनाताईस,
धाकट्या प्रेमदासचा शि. सा. न. वि. वि.

परवा नांदेडच्या दवाखान्यात मंजुषा मॅडमनी तुला ‘आमी म्हंजे कोण’ असं विचारलं, त्या घडीपासून माझं डोकं ठिकाणावर नाही. त्यांनी तुझी तब्येत विचारली होती. तू म्हणालीस, आमाला सकाळपासून कणकण हाय, आमी काल दूध टाकलं, आमचे हात आखडून येतात. हे सगळं रुद्रचं होतं. लेकरू पाच वर्षांचं झालं, पण तान्हेपणीच्या त्या तापानंतर त्याला ना बसता येतं ना बोलता. तू त्याचं बोलता बोलता स्वतःचं बोलायचं विसरलीस, आणि सख्ख्या भावाला ते ऐकूसुद्धा आलं नव्हतं.

मॅडमच्या दारावरची पाटी वाचून मी चिडलो होतो, त्याची माझ्यातर्फे त्यांच्याकडं माफी माग. ‘व्यवसायोपचार’ म्हटल्यावर मला वाटलं, आता तुला पापडाचा धंदा शिकवणार. म्हणून तावातावानं बोललो, की लेकराची मूठ उघडेना आन् तुमी त्याच्या आईला दुकान टाकून देता का. मॅडम हसल्या. म्हणाल्या की माणूस दिवसभर जे जे करतं, अंघोळीपासून गप्पांपर्यंत, ते सगळे त्याचे व्यवसाय. आईचे सुटले तर लेकराला धरणारे हातही सुटतात. मग तो दिवसाच्या चोवीस तासांचा, चोवीस खान्यांचा कागद. रुद्रच्या कामाला निळा खडू, तुझ्या स्वतःच्या कामाला लाल. लाल तू हातातही घेतला नाहीस.

आवडतं काय म्हणून विचारलं तर म्हणालीस, बाजारात काही न घेता एकटीनं हिंडायला. आधी लहान काम, मग मोठं, असं त्यांनी ठरवून दिलंय. म्हणून ही पत्रं, रोज पाव तास. नंतर बाजाराचा एक तास, आणि तो मी रुद्रजवळ बसून देणार. पुढच्या बाजाराला दुपारी बाराला तुझ्या दारात उभा राहतो. वर्गातल्या अबोलीचं नाव बाकावर खरडणाऱ्याला मारलं, माफीचा अर्ज लिहिला नाही, कॉलेज सोडलं. आता माझ्याजवळ वेळच वेळ आहे.

राग आला तर शिव्या दे, माया आटू देऊ नको.
तुझा,
प्रेमदास

---

जवळा बाजार
११ ऑक्टोबर २०२५

चि. प्रेमदास यास,
मिनाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आमी बरे आहोत. लिहिल्यावर दिसलं, पुन्हा ‘आमी’ आलं. खोडत न्हाई, मॅडमला दाखवीन.

अंघोळ घालताना आता मी वाकत न्हाई, पाटावर बसते, कंबर जरा बरी हाय. दोन पोत्यांत भुसा भरून भिंतीच्या कोपऱ्यात रुद्रची बैठक केली, तिथं तो मान थोडा वेळ धरतो. चमच्याच्या दांडीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलाय. त्याचा हात धरून त्यालाच घास घ्यायला लावते. अर्धा अंगावर, अर्धा पोटात. एका जेवणाला दीड तास जातो.

तुझे दाजी मळणी मशीनवर परभणीकडं गेलेत. सासूबाईंनी तो कागद पाहिला आन् म्हणाल्या, आईला कसले खाने, आई म्हंजे सगळा एकच खाना. मी हसले, पण नंतर वाटलं, त्यांचंही कुणी कधी विचारलं नसंल.

तुझ्या अबोलीचं काय. नावच अबोली, ती बोलणार कशी. माणसानं जीव लावताना नाव तरी वाचावं. जेवत जा बराबर, काहून वाळून राहिला?

चप्पल धुऊन ठेवली हाय. बाराला ये.

तुझ्यावर जीव आहेच, वेगळा लिहीत न्हाई.
मिना

---

कळमनुरी
१५ ऑक्टोबर २०२५

प्रिय मिनाताईस,
प्रेमदासचा शि. सा. न. वि. वि.

मी आलो नाही. कारण लिहायला लाज वाटते, पण खोटं बोलणार नाही. स्टँडवर अबोली भेटली. तुझ्याकडची गाडी समोर लागली होती. तिनं सांगितलं की दिवाळीनंतर तिचं लग्न आहे, आणि मी कॉलेजात परत जावं. मी एक गाडी सोडली, मग दुसरी. ती गेल्यावरही तिथंच बसून राहिलो. तू दारात असशील हे मला ठाऊक होतं, तरी उठवलं नाही.

लोभ ठेव म्हणायचं तोंड नाही.
प्रेमदास

---

जवळा बाजार
२० ऑक्टोबर २०२५

चि. प्रेमदास यास आशीर्वाद.

मी दोन वाजेपर्यंत चप्पल घालून उभी होते. मग तू आलास की लगेच निघालंच पाहिजे असं मनात बसलं आन् रुद्रला उभ्याउभ्या घाईनं भरवलं. घास अडकला. त्याचे ओठ निळे पडले. पालथा घालून पाठीवर मारलं तवा श्वास आला. लेकरू बरं हाय.

तुला बोल लावत न्हाई. पोरीचं ऐकून वाईट वाटलं. पण मॅडमला मी फोन करून सांगितलं, की मला तो तास नको. कागद चुलीत घातला. त्याला एक घास भरवायचा, हेच माझं काम. तुला तकलीफ नको, येऊ नको.

आमी ठीक आहोत. सांभाळून राहा.
मिना

---

जवळा बाजार, तुझ्याच घरी
२७ ऑक्टोबर २०२५, दुपार

ताई,

नको म्हणालीस तरी आलो. दार उघडंच होतं. सासूबाई कापूस वेचायला गेल्यात. तू भिंतीला टेकून बसल्याबसल्या झोपलीस, हातात चमचा तसाच. वाटी रिकामी आहे, म्हणजे त्याचं जेवण झालंय. रुद्र कोपऱ्यात माझ्याकडं टक लावून बघून राहिला.

भांडायची तयारी करून आलो होतो. मॅडमना पुन्हा फोन कर, हट्ट सोड, सगळं पाठ केलं होतं. आता कुणाशी बोलू. तासभर समोर बसून आहे. तुझ्या पायाला भेगा पडल्यात, केसात भात वाळलाय. मला याची मूठ उघडता येत नाही, तुझी कंबर माझ्या अंगावर घेता येत नाही, आणि त्या दिवशीचे दोन तास परत आणता येत नाहीत. हिंडणं राहू दे, झोप तरी घे.

तू जागी होऊन घाबरू नये म्हणून लिहून ठेवतोय. रुद्र माझ्याजवळ आहे. दारासमोरच्या चिंचेखाली बसतो, हाक मारली तर ऐकू येईल. त्याला काही भरवणार नाही. मान धरायची कशी ते तू दाखवलं होतंस, तशीच धरीन. माझ्याकडं तो रडतो, हे मला माहीत आहे. किती वेळ निभेल ते माहीत नाही.

जागी झाल्यावर माया उरली असली तर चहा टाक.
तुझा,
प्रेमदास

ता. क. तो कुरकुरायला लागलाय, अंग ताठ करतोय. आता आवाज चढला तर तू उठशील. चिठ्ठी तुझ्या तांब्याखाली ठेवतो. चमचा हातातच राहू देतो, काढायला गेलो तर जागी होशील. याला उचलतो, बाहेर पडतो आणि दार लावून घेतो.