लांब पाठीचा सदरा

१२ जून

ती. दादास,
धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

वहिनीचे गुडघे काय म्हणतात? सूनबाईचा खोकला गेला का? लेकाचे डोळे? आणि तुझी पाठ? शेजारी खुर्ची ठेवून भिंतीला टाचा, पाठ, खांदे लावायचे, हनुवटी आत घेऊन डोकं टेकवायचं. हे चुकवू नकोस. जन्मभर शिलाई मशीनवर वाकलास, त्यानं पाठ धरली. दुसरं काही नाही. लोभ आहेच, तो राहू दे.

तुझी धाकटी

२० जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

मेहुण्यांची शुगर कशी आहे? भाचीची दाढ? तुझं पित्त? सगळे बरे असा.

भिंतीशी रोज उभा राहतो. कंबर जरा मोकळी होते. परवा लेकानं नवा सदरा शिवून दिला. अंगावर झक्क बसला. काढून टेबलावर पसरला, तर मागची बाजू पुढच्याहून लांब! पोक आलेल्या गिऱ्हाइकाला आपण असा कापतो, म्हणजे सदरा मागून वर ओढला जात नाही आणि बिचाऱ्याला आपलं पोक कळत नाही. ही खुबी मीच त्याला शिकवली. माझ्यावरच चालवली गं!

विचारलं, तर पठ्ठ्या टेप गुंडाळत बसला. शेवटी सूनबाई बोलली. हा पार्किन्सन्स आहे, डॉक्टरांनी हिवाळ्यातच सांगितलंय आणि आत्यांनाही ठाऊक आहे.

आत्या म्हणजे तू. घरचे फसवताना निदान नजर तरी चुकवत होते. तू मात्र सावकाश बसून, वळणदार अक्षरात 'दुसरं काही नाही' लिहिलंस. माझंच अंग, आणि मला सोडून सगळ्यांना माहीत!

व्यायाम सोडणार नाही. पण मी भिंतीशी उभा असलो की हे घरचे म्हणतात, टेकलं हो डोकं, टेकलं! ते तरी खरं, की तेही लांब पाठीचं?

तुझा दादा

२६ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पार्किन्सन्स. लिहिलं एकदाचं. वहिनीनं शपथ घातली होती, पण हात माझाच होता. कळलं तर तू कात्री खाली ठेवशील, अशी भीती वाटली.

डोकं टेकतं की नाही, मी पाहिलेलं नाही, म्हणून लिहीत नाही. आले तर भिंत नि डोकं यांच्यामध्ये बोटं घालून पाहीन, आणि जेवढी फट असेल तेवढीच सांगेन.

आजवर तुझ्या घरात न विचारता शिरायचे. या वेळी विचारते, येऊ का? नको असेल तर तसं लिही. पण लवकर लिही.

तुझी धाकटी