फिरत्या रंगमंचावरची सरळ चाल

५ डिसें., शुक्र., चंद्रपूर
फिरत्या चकतीवरचा सापेक्ष वेग शिकवला. चकती फिरतेय, तिच्यावर माणूस चालतोय, जमिनीवरून बघणाऱ्याला त्याचा वेग किती? मागून आवाज, "मॅडम, तो उतरून काऊन नाई जात?" वर्ग खिदळला. कोरिऑलिस बल म्हटलं की माना खाली. इंजिनीअर होणार म्हणे हे.

संध्याकाळी वडशाहून बाबांचा फोन. नाटकात पडले. परवाही पडले होते. गुडघा सुजलाय. "पब्लिकले वाटलं नाटकातलंच हाय." यात कौतुक कसलं? जन्मभर झाडीपट्टीच्या नाटकांत दुसऱ्यांच्या पोरींचे बाप झाले. दिवाळी ते होळी हंगाम. आम्हाला होळीनंतर उरलेले मिळायचे.

७, रवि., वडसा
तालीम पाहिली. शेवटचा प्रवेश : बाप घर सोडतो. घर फिरत्या रंगमंचावर. ते फिरत असताना बाबा मध्यातून निघून कडेपर्यंत चालतात, पुढच्या पक्क्या स्टेजवर उतरतात आणि गाणं धरतात. उतरतानाच पडतात.

कंपनीचे मालक मनोहरभाऊ. यांनी अक्कल लढवून मध्यापासून कडेपर्यंत चुन्याची सरळ रेघ मारलीय. "रेघीवरून चाला म्हटलं, त बी जमत नाई त्याईले. वय झालं, मॅडम." शेजारी त्यांचे जावई उभे, खांद्यावर शाल. नाटकातली, बाबांची.

सरळ रेघ! फिरत्या फळ्यांवर सरळ चालणारा जमिनीवर सरळ जात नाही. कडेला पोचेस्तोवर फळ्या त्याला आडवं नेत असतात. पक्क्या स्टेजवर पाऊल थांबतं, धड आडवं जातं. विशीतलाही पडेल. एवढ्या मोठ्या कंपनीत हे कोणाच्या डोक्यात येऊ नये? सांगितलं तर म्हणाले, "हे तुमचं कालेजातलं हाय जी."

शुक्रवारी चामोर्शीजवळ प्रयोग. तिथे पडले तर भूमिका जावयांची, असं मनोहरभाऊंनी सांगून टाकलं. बाबांनी ऐकलं. मिशी चिकटवत बसले.

८, सोम.
गणित सोपं. रंगमंच फिरतो त्याच्या उलट वळत, कडेकडे पाऊल वाढवत जायचं. फळ्यांवर वाकडी चाल, जमिनीवर सरळ. कडेला आडवा वेग शून्य. रेघ जिलबीच्या वेढ्यासारखी येते. आकृती काढली, फोटो मनोहरभाऊंना. उत्तर म्हणून अंगठा. यांना एवढंच येतं.

१०, बुध., वडसा
रजा टाकून आले. रेघ मीच मारली.

बाबा पडले. आधीपेक्षा जोरात, कोपरावर.

मी रंगमंच घड्याळाच्या उलटा फिरतो असं धरलं होतं. पुस्तकातली प्रत्येक चकती तशीच फिरते. यांचा घड्याळासारखा फिरतो. रविवारी डोळ्यांसमोर फिरला, पण मी माणसांची अक्कल मोजत होते. फळ्या ओढत होत्या त्याच बाजूला मीही बापाला चालवलं. वर्गात मागून ओरडणाऱ्या त्या बेअक्कल पोराला काय तोंड दाखवू.

मनोहरभाऊंनी चुन्याचा डबा माझ्याकडे सरकवला. ते जास्त झोंबलं. जावई म्हणाले, "होते असं, मॅडम." दया! यांच्याकडून!

बाबा धूळ झटकत उठले. "पोरीची रेघ बरोबर हाय. मीच उलटा चाललो." ते रेघेवरूनच चालले हे सगळ्यांनी पाहिलं होतं. इतका वाईट अभिनय त्यांनी कधी केला नसेल. मला रडू आलं, म्हणून मी ओल्या फडक्याने रेघ पुसायला बसले.

उलट बाजूने मारली. बाबा चालले, उतरले, गाणं धरलं. पुन्हा चालले. पुन्हा जमलं. मग पडद्यामागे दांडे ढकलून रंगमंच फिरवणाऱ्यांनी शेवटी जोर लावला, आणि बाबा परत भेलकांडले. वेग बदलला की माझी रेघ कुचकामी.

१२, शुक्र., चामोर्शीजवळ
मांडव भरलाय. रंगपटात बसून लिहितेय.

दांडेवाल्यांना बजावलं, एकाच गतीने ढकला. तोंडात तंबाखूचा खर्रा. "हो मॅडम." मग त्यातला म्होरक्या : "पर टाळी पडली का पाय आपोआप पळतेत." यांच्या पायांवर माझ्या बापाचा गुडघा.

बाबा आरशासमोर. गुडघ्याला पट्टी, वर धोतर. "लायटात रेघ दिसन का, बाई?"
"नाही दिसणार."
"मंग?"
"तालमीत चाललात तसं चाला. फिरवायचं मी बघते."
"तू?"

हो, मी. म्होरक्याला बाजूला केलं, त्याचा दांडा मी धरणार. बाकीच्यांना म्हटलं, माझ्यापुढे पाऊल टाकलंत तर याद राखा. मनोहरभाऊ म्हणाले, "मॅडम, हे काय तुमचं काम हाय का?" नाही. बाबांचं काम तरी जावयांचं आहे का?

पदर खोचलाय. दांड्याजवळून पुढचं स्टेज दिसत नाही, मधे पडदा. बाबा उतरले की नाही ते गाण्यावरूनच कळेल. जावई विंगेत उभे आहेत, शाल घडी करून हातावर. म्होरक्या बोलवायला आलाय.