साहेबांच्या नळाची दहा मिनिटं

मंगळवार, संध्याकाळ. नळाला पाणी येऊन सहा दिवस झाले.

चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात साहेब दर सोमवारी मनगटावरचं घड्याळ बघून सगळ्या सर्व्हरची वेळ हातानं लावतात. मशीनवर भरवसा नाही म्हणे. आणि घड्याळ दहा मिनिटं पुढं, का तर पुंडलिकनगरात त्यांच्या घरी नळाची वेळ चुकू नये. म्हणजे यांच्या नळापायी अख्खा कारखाना दहा मिनिटं पुढं. हजेरी त्याच वेळेनं लागते, म्हणून पॅकिंगमधल्या सखूबाईला रोज उशिराचा शेरा. "करमाडची बस तर टायमावरच येती, भाऊ," ती दोन वर्षं सांगतेय.

कारखान्याचे कॉम्प्युटर मीच सांभाळतो; आज साहेबांना न विचारता मी त्यांवर एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, चालवली. आता सगळे सर्व्हर खरी वेळ आपोआप घेतात. कुणी बदलली तरी थोड्या वेळात पुन्हा जागेवर. साहेबांनी तीनदा दहा मिनिटं पुढं केली, तीनदा ती मागं आली. मग मला बोलावून गंभीरपणे म्हणाले, "व्हायरस घुसलाय." काय माणूस आहे. आणि मी? "बघतो, साहेब."

उद्या सखूबाई वेळेवर ठरेल. दोन वर्षं ती खरंच बोलत होती आणि मला ते ठाऊक होतं, हे तिला सांगायला मात्र जीभ रेटली नाही.