माझ्या नावाचा खड्डा आणि शेवंतीची व्यवस्था

मी दवाखान्यात असताना माझ्या मुलाने अंगणातली शेवंती उपटून तिथे माझ्या स्मृतिवृक्षासाठी खड्डा खणला, आणि मी जिवंत परत आले. हे मृत्युपत्र लिहिण्याचं कारण एवढंच आहे.

मी, शिवकन्या रामकिसन रत्नपारखे, वय बहात्तर, सेवानिवृत्त शिक्षिका, राहणार मस्तगड, जालना, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. न्यूमोनिया छातीत झाला होता, डोक्यात नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेलं नाही. उलट, लिहू नका म्हणणारेच घरात आहेत. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण माझ्या पाठीमागे काय होईल याची मला काळजी नव्हती. आता आहे.

१. मस्तगडचं राहतं घर माझ्या पगारातून घेतलेलं असून माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते मुलगा मिथुन आणि मुलगी रूपाली यांना निम्मं निम्मं. मिथुन पुण्यात असतो, रूपाली परतूरला. दोघांपैकी कोणी इथे राहायला येईल असं मला वाटत नाही. विकायचं तर विकावं, गळे काढू नयेत. मात्र अंगणाविषयी पुढे जे लिहिलं आहे ते आधी पाळावं, मग गिऱ्हाईक आणावं.

२. बँकेतली ठेव दोघांना सारखी. पाटल्या रूपालीला. त्या माझ्या आईच्या आहेत असं तिने कोणाला सांगू नये; माझ्या आईकडे सोनं नव्हतं. निवृत्तीच्या दिवशी शाळेने दिलेला प्लास्टिकच्या फुलांचा गुच्छ कपाटावर आहे. शाळेच्या कुंड्या मी वर्षानुवर्षं सांभाळल्या आणि मला प्लास्टिक देण्याचं मुख्याध्यापकांना सुचलं. गुच्छ त्यांना परत करावा. धूळ झटकून द्यावा, इतकं सौजन्य पुरे.

३. आता शेवंती. ही पांढरी शेवंती माझी आई चांगुणाबाई हिची. ती शहागडला दुसऱ्यांच्या शेतात मजुरी करायची आणि घरामागे, भांडी घासलेल्या पाण्यावर शेवंती वाढवायची. गावच्या देवळात तिची फुलं चालत नसत. छप्पन साली आमच्या घराने धम्म स्वीकारला आणि फुलं कुठे वाहायची हा प्रश्नच राहिला नाही. पुढे आमच्या वस्तीत विहार झालं, तेव्हा दसऱ्यापासून सहा डिसेंबरपर्यंत तिथे आईचीच फुलं असत. मी जालन्यात घर केलं तेव्हा तिने ओल्या फडक्यात बांधून मला काशा दिल्या. काशा म्हणजे शेवंतीच्या बुडाशी जमिनीतून फुटणारे कोंब. फुलं संपली की झाड छाटायचं, उन्हाळाभर जीव राहील इतकंच पाणी द्यायचं, आणि जूनमध्ये काशा वेगळ्या करून पुन्हा लावायच्या. असं दरवर्षी केलं तर शेवंती माणसापेक्षा जास्त जगते. एक-दोन वर्षं टाळलं तर दाटून जाते आणि फुलं बटणाएवढी येतात.

मे महिन्यात वाफ्यात नुसते खुंट दिसतात. माझा मुलगा बियाण्याच्या कंपनीत नोकरीला आहे. त्याला ते मेलेले वाटले.

"वाळूनच गेल्तं ते, आई. मी तर तुझ्यासाठीच करून राह्यलो ना!"

"माझ्यासाठी? मी कुठे गेले होते?"

"तसं न्हाई. नर्सरीवाला म्हनला, खड्डा उन्हात तापू द्या, मंग जूनमध्ये झाड लावा. न्हाई तर सालभर थांबावं लागंल."

म्हणजे माझं मरण लांबलं तरी चालेल, लागवड लांबायला नको. पत्र्याची पाटीसुद्धा रंगवून आली होती: 'कालकथित शिवकन्या रामकिसन रत्नपारखे'. पुढे तारखेपुरती जागा मोकळी. माझं नाव मात्र बिनचूक लिहिलं होतं, हे मी शिक्षिका म्हणून नोंदवते. सून प्रिया दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "मी म्हनलं होतं यांना, आधी आईंना विचारा."

४. झाडाविषयी मी न्यायाने बोलणार आहे. मिथुनने ठरवलेलं झाड म्हणजे गुलाबी टॅबेबुया. झाड देखणं आहे. फेब्रुवारी-मार्चात पानं गाळून पंधरवडाभर असं फुलतं की रस्त्यावरचा माणूस थांबतो. सावली देतं, पाखरं येतात, जनावर त्याला सहसा तोंड लावत नाही. शेवंतीकडे यातलं काही नाही. ती गुडघ्याएवढी असते, तिला मावा पडतो, आणि फुलांच्या भाराने वाकली की काड्यांचा आधार द्यावा लागतो.

पण अंगण केवढं? एक खाट टाकली की भरतं. त्यातच जमिनीखाली पाण्याची टाकी. आठ-आठ दिवस नळ येत नाही अशा गावात टाकीपासून चार हातांवर मोठं झाड लावणाऱ्याने मुळं कुठे जातील याचा विचार करावा. शेवंती मोरीच्या पाण्यावर भागवते. तिला ऊन लागतं. झाडाच्या सावलीत ती फुलणार नाही. म्हणजे दोन्ही ठेवू ही मिथुनची तडजोडही खोटी आहे.

त्याचं खरं म्हणणं नंतर बाहेर आलं. "झाडाला दोन साल पाणी घातलं की बघावं लागत न्हाई, आई. शेवंतीपाशी दरसाल कोण बसणार?"

मला राग आला तो इथे. पुन्हा बघावं लागू नये म्हणून माझी आठवण लावायची असेल तर लावूच नये. याच्या वडिलांच्या नावाने यानेच अशोक लावला होता, कॉलनीच्या मोकळ्या जागेत, भाषणं करून. दुसऱ्या उन्हाळ्यात तो वाळला. पाटी अजून उभी आहे. मी बाजाराला जाताना ती वाचते.

सबब, सदर अंगणात टॅबेबुया किंवा दुसरं कोणतंही मोठं झाड लावू नये.

५. माझा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, थोडक्यात करावा. राख नदीत सोडू नये. शेवंतीच्या वाफ्यातही टाकू नये, कितीही भरून आलं तरी. आपल्या काळ्या मातीला राख सोसत नाही, पानं पिवळी पडतात. मिथुनला झाड लावायचंच असेल तर इथल्या विहारामागच्या जागेत लावावं. समितीला मी विचारलं आहे, त्यांची हरकत नाही. राख तिथे खड्ड्यापासून लांब पसरावी. पहिले तीन उन्हाळे पाणी त्याने स्वतः पुण्याहून येऊन घालावं, माणूस लावून नाही. झाड जगलं तर चौथ्या वर्षी पाटी लावावी. आधी नाही.

६. खुरपं, कात्री आणि झारी सून प्रिया हिला. तिने विचारा म्हणून सांगितलं होतं, या एका कारणासाठी. तिला पुण्यात गॅलरी आहे आणि तिथे ऊन येतं. कुंडीत शेवंती होते.

७. शेजारीण दैवशाला काकासाहेब जिगे हिच्याविषयी. आम्ही इथे राहायला आलो त्या वर्षी मी भिंतीवरून ओंजळभर शेवंती पुढे केली. तिची सासू सगुणाबाई म्हणाली, "तुमच्या वाफ्यातली फुलं आमच्या देव्हाऱ्यात न्हाई चालत." मी हात मागे घेतला आणि पुन्हा कधी दिलं नाही. पुढे लक्षात आलं की पहाटे भिंतीकडच्या ओळीतली फुलं कमी होतात. दैवशाला तोडून न्यायची आणि सगुणाबाई वाहायची. दिलेली चालत नव्हती, चोरलेली चालत होती. सासू वारली तरी आम्ही दोघी त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. मी त्या ओळीला फक्त पाणी जास्त घालत आले.

दवाखान्यातून आले त्या दिवशी मी खड्ड्याकडे बघत उभी होते. भिंतीपलीकडून ती म्हणाली, "बाई, रडू नका."

"मी रडत नाही."

"बरं, न्हाई रडत. पोरानं उपटून उन्हात टाकली व्हती. मी म्हनलं, एवढे साल फुलं चोरले, आता झाडंच चोरावं. माझ्या मोरीपाशी दाबून ठेवल्यात. निम्म्या तर बिलकुल हिरव्या हायेत."

मी जाऊन पाहिलं. हिरव्या होत्या.

हिला मृत्युपत्रात काही लिहावं असं मनात होतं. वकील म्हणाले, साक्षीदाराला काही देऊ नका, उद्या कोणी तिच्या सहीवर बोट ठेवेल. आणि साक्षीदार मला तीच हवी, कारण उपटलेलं तिने डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून तिला मृत्युपत्राने काहीही देत नाही. जे द्यायचं ते आज, हातात.

८. या सर्वाची अंमलबजावणी रूपालीने करावी. मिथुनने तिला मदत करावी आणि नर्सरीवाल्याला विचारू नये.

हे मी वाचून पाहिलं, पुन्हा वाचलं, आणि एकही शब्द मऊ करावासा वाटला नाही.

सही: शिवकन्या रामकिसन रत्नपारखे

लिहून देणारीने आमच्या डोळ्यांदेखत सही केली आणि तिच्यासमोर आम्ही केली.

साक्षीदार: १. दैवशाला काकासाहेब जिगे, मस्तगड
२. बेबीनंदा आदिनाथ खरात, सेवानिवृत्त शिक्षिका, जालना

स्थळ: मस्तगड, जालना
दिनांक: २२ जून २०२५

आज सह्या झाल्यावर दिलं ते असं:

मिथुनला फावडं. खड्डा त्यानेच बुजवला. कुरकुरला, पण माती नीट दाबली.

पत्र्याची पाटी वाफ्याच्या कडेला आडवी रोवली, पाणी अडवायला. अक्षरं मातीच्या बाजूला.

दैवशालाने जगवलेल्यांपैकी निम्म्या काशा माझ्या वाफ्यात परत लावल्या. उरलेल्या ओल्या फडक्यात बांधून तिला दिल्या. ती भिंतीपाशी येऊन उभी राहिली होती. मी तिला फाटकातून यायला सांगितलं. ती आली, दिवसाउजेडी, आणि दोन्ही हातांनी घेतल्या.